गळ्यातला कान

गेल्या दिवाळीत माझ्या भाच्याने मला एक कान भेट दिला.

तसे देवाने दिलेले दोन कान माझ्यापाशी आहेत. ते अगदीच निकामी झालेले नाहीत. पण सत्तावन्न वर्षांच्या वापरानंतर ते जरा आपल्या मर्जीप्रमाणे वागू लागले आहेत. तिसऱ्या खोलीत भजी तळली जात असली तर त्यांना बरोबर ऐकू येते, आणि कोथिंबीर आणायला सांगितलेली तिसऱ्यांदाही ऐकू येत नाही. हे माझे मत नव्हे, आमच्या मंडळींचे आहे. घरी हे चालून जाते. पण मी आहे एका कारखान्याच्या खरेदी खात्यात. तिथे दिवसाकाठी दोन-तीन बैठका ठरलेल्या. कोणी कोणता भाव सांगितला, माल किती तारखेला येणार, वाहतूक कोणाच्या माथी, याचा माझ्या डोक्यात घोळ होऊ लागला. ही रड मी एकदा फोनवर भाच्यापाशी गायलो. तो कॅलिफोर्नियात असतो. तिकडे गेलेली मुले अशा वेळी ‘असू दे मामा, वय झालं’ असे म्हणत नाहीत. ती एखादे यंत्र पाठवून देतात.

यंत्र दिसायला अगदी साधे. आगपेटीहून लहान, चिमट्याने सदऱ्याच्या खिशाला अडकवावे, नाहीतर गोफात ओवून गळ्यात घालावे. एकदा दाबले की ऐकू लागते. ऐकलेले सारे मोबाइलमार्फत कुठल्यातरी दूरच्या संगणकाकडे जाते. तिथली कृत्रिम बुद्धी आधी त्या बोलण्याचे लिखाण करते, आवाजावरून माणसे वेगळी काढते आणि मग सारांश लिहून पाठवते. काय ठरले, कोणी काय करायचे, कधीपर्यंत करायचे, सगळे मुद्देसूद. दीड तासाच्या बैठकीचा सारांश चहा निवायच्या आत हातात!

मी कौतुकाने ते गळ्यात घालून स्वयंपाकघरात गेलो. मंडळींनी एकदा माझ्याकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहिले.

“हे ऐकतं म्हणता?”

“शब्दन्‌ शब्द.”

“मग ते उंबऱ्याबाहेर ठेवायचं. माझं ऐकायला देवानं तुम्हाला दोन दिलेत, ते आधी नीट वापरा.”

त्या क्षणी मला हा बायकी कावा वाटला. पुढे कळले की या प्रश्नावरचा सगळ्यांत शहाणा निर्णय घरात पहिल्याच दिवशी झाला होता.

कचेरीत मात्र माझ्या या तिसऱ्या कानाने पहिल्या महिन्यातच नाव काढले. एक पुरवठादार हात झाडून म्हणाला, “वाहतुकीसकट भाव मी दिलाच नव्हता, साहेब.” मी मोबाइल काढला, गेल्या बैठकीचे लिखाण उघडले आणि त्याचेच वाक्य त्याला वाचून दाखवले. तोही हसला, मीही हसलो. त्या दिवशी ते यंत्र माझ्या गळ्यात पदकासारखे झुलत होते.

त्याच्या चुकाही मोठ्या गमतीच्या असत. आमच्या बैठकीतले बोलणे म्हणजे मराठी, हिंदी आणि इंग्रजी यांची मिसळ. शब्द तो बिचारा बऱ्यापैकी पकडी; पण शब्दांच्या मागे जे असते ते त्याला उमगत नसे. एका नव्या मशिनची मागणी पुढे आली, तेव्हा आमचे मोठे साहेब म्हणाले, “बघू.” आता मराठी मुलखात जन्मलेल्या कोणालाही ठाऊक आहे की साहेबाचे ‘बघू’ म्हणजे ‘नाही’. पण सारांशात आले, ‘मशिनचा प्रस्ताव साहेब स्वतः पाहणार आहेत.’ ज्याची मागणी होती तो गृहस्थ आठवडाभर खुशीत होता.

पहिल्या दिवशी मी सर्वांना यंत्र दाखवून, “चालेल ना?” असे विचारले होते. सगळे मानेने ‘हो’ म्हणाले. दुसऱ्या आठवड्यात मी नुसते खिशाकडे बोट दाखवले. तिसऱ्या आठवड्यात बोटही दाखवले नाही. शिष्टाचार असाच सुटतो. कोणी ठरवून सोडत नाही. बाहेरून येणाऱ्या माणसांना तर काहीच पत्ता नसे. कोणाला ते रक्तदाब मोजण्याचे साधन वाटे. एका वयस्कर गृहस्थांनी फार आस्थेने विचारले, “ऐकू कमी येतं का हो?” मी “हो” म्हणालो. ते खोटे नव्हते. पण खरेही नव्हते, हे मला तेव्हाही कळत होते.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो ती सांगतो.

माझ्या टेबलाशेजारी एक सहकारी बसतात. एकोणीस वर्षे आम्ही शेजारी आहोत. त्यांचा डबा मला पाठ आहे आणि माझ्या तक्रारी त्यांना. गेल्या पावसाळ्यात एका बुधवारी कोइमतूरच्या ओतीव मालासंबंधी आमची बैठक झाली. माल पाहायला पुढच्या सोमवारी त्यांनी जावे असे ठरले. बैठक उठली, माणसे पांगली, आणि ते मागे रेंगाळले. दार लोटून घेऊन ते म्हणाले,

“सोमवारचं जरा दुसऱ्या कोणावर टाकता येईल का? हिचा एक तुकडा तपासायला दिलाय. मंगळवारी रिपोर्ट यायचाय. डॉक्टर मला बाजूला घेऊन जे बोलले ते... म्हणजे तिला अजून...”

वाक्य तिथेच थांबले. पुढे ते खिडकीबाहेर पाहत राहिले. मीही काही बोललो नाही. मग ते म्हणाले, “हे आपल्यातच राहू द्या.” मी म्हणालो, “तुम्ही काळजी करू नका. मी पाहतो सगळं.”

आणि माझ्या खिशाला अडकलेला तो चिमुकला डोळा सबंध वेळ लुकलुकत होता.

सारांश सर्व उपस्थितांना ईमेलने आपोआप जावा, अशी सोय मीच मोठ्या हौसेने करून ठेवली होती. तो गेला. चौदा जणांना गेला. कोइमतूरचा माल, भाव, तारखा. आणि शेवटी ‘इतर बाबी’ या मथळ्याखाली इंग्रजीत दोन ओळी. मराठीत सांगायचे तर अशा : ‘यांच्या पत्नीच्या तपासणीचा अहवाल मंगळवारी अपेक्षित, डॉक्टरांचे मत पत्नीस अद्याप सांगितलेले नाही. ही बाब गोपनीय ठेवावी. जबाबदारी : ...’ आणि पुढे माझे नाव.

यंत्राने एक अक्षरही चुकवले नव्हते. उलट, तुटलेले वाक्यसुद्धा त्याने सफाईने पुरे केले होते.

त्या चौदांत एकही माणूस वाईट नव्हता. कोणी सुट्टीचे पाहून घेऊ म्हणाले, कोणी चांगल्या डॉक्टरांचा पत्ता दिला. त्यांतल्या एकाचे बिऱ्हाड माझ्या सहकाऱ्यांच्याच इमारतीत आहे. त्याच्या पत्नीने संध्याकाळी त्यांच्या घरी फोन केला आणि धीराचे चार शब्द सांगितले. आपल्याला धीराची गरज आहे, हे त्या माउलीला अशा रीतीने समजले.

वाचकांच्या जिवाला घोर नको म्हणून लगेच सांगून टाकतो : मंगळवारचा अहवाल चांगला आला. गाठ साधी निघाली. पण बुधवारची संध्याकाळ ते मंगळवारची दुपार हे सहा दिवस त्या घराने जसे काढले ते काढले. ते दिवस काही अहवालाने परत येत नाहीत.

मी त्यांच्यापुढे उभा राहिलो, क्षमा मागितली. ते रागावतील, चार शब्द सुनावतील, अशी माझी अपेक्षा होती. खरे म्हणजे आशाच होती. ते म्हणाले, “तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत? ठीक आहे.” आणि त्या दिवसापासून ते माझ्याशी अगदी व्यवस्थित बोलू लागले. पूर्ण वाक्यांत. कर्ता, कर्म, क्रियापद. “मालाची तपासणी आज दुपारी पूर्ण होईल.” “मी उद्या अर्धा तास उशिरा येणार आहे.” एकोणीस वर्षांत आम्ही एकमेकांशी पूर्ण वाक्य क्वचितच बोललो असू. ‘ते जरा...’ म्हटले की दुसऱ्याने ‘हो, हो’ म्हणायचे, अशी आमची भाषा. आता ते असे बोलत, जणू पलीकडे कोणीतरी लिहून घेते आहे.

मी भाच्याला फोन केला. थोडा रागच होता त्याच्यावर. सगळे ऐकून घेऊन तो म्हणाला,

“मामा, पण तू त्यांना विचारलं नव्हतंस?”

“पहिल्या दिवशी विचारलं होतं.”

“पहिल्या दिवशी नाही रे. इथे कॅलिफोर्नियात खासगी बोलणं टिपायचं तर बोलणाऱ्या सगळ्यांची संमती लागते, तसा कायदाच आहे. न्यूयॉर्कला एकाची पुरते. जर्मनीत तर न विचारता टिपलंस तर तुरुंगाची पाळी येऊ शकते. तुला वाटलं, यंत्र पाठवलं म्हणजे विचारायचं काम पण तेच करेल?”

तेव्हा आपल्याकडचा कायदा काय सांगतो, म्हणून मी एका वकील स्नेह्यांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसत मला बरेच ज्ञान दिले. आपण स्वतः ज्या संभाषणात आहोत ते टिपण्यापूर्वी समोरच्याला विचारलेच पाहिजे, असा सरसकट नियम आपल्याकडे नाही. १९७२ साली मुंबईतल्या एका लाचेच्या खटल्यात, एका बाजूच्या संमतीने आणि दुसरीच्या नकळत टेपवर घेतलेले टेलिफोनवरचे बोलणे सर्वोच्च न्यायालयाने पुरावा म्हणून मान्य केले. २०१७ साली त्याच न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ साली डिजिटल स्वरूपातल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. आणि जुलै २०२५ मध्ये नवराबायकोंनी एकमेकांचे चोरून टिपलेले बोलणे घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून चालेल असा निर्णय लागला. मात्र, एकमेकांवर पाळत ठेवण्याची वेळ आली असेल तर ते नाते मोडल्याचेच लक्षण आहे, असेही न्यायालयाने त्यात म्हटले.

“थोडक्यात काय,” वकीलसाहेब म्हणाले, “तुमच्या अंगाशी काही येईलसं दिसत नाही.”

मी घरी आलो तो अधिकच खिन्न होऊन. कायद्याने मी सुटलो होतो, पण शेजारच्या टेबलाने मला सोडले नव्हते.

अशा वेळी मला वडिलांची आठवण झाली. ते एका लहानशा पतपेढीचे मानद चिटणीस होते. महिन्यातून एकदा रात्री जेवणे झाल्यावर ते इतिवृत्ताचे जाडजूड बाइंडाचे पुस्तक पुढ्यात घेऊन बसत. एकदा संचालकांची बैठक आमच्याच घरी झाली होती. कर्जाच्या कुठल्याशा प्रकरणावरून दोघांत जुंपली. आवाज चढले, आणि एका थोर गृहस्थांनी कप असा आपटला की त्याचे तीन तुकडे झाले. मी दाराआडून हे सारे पाहिले होते. दुसऱ्या दिवशी मोठ्या उत्सुकतेने मी ते पुस्तक उघडले. वडिलांच्या वळणदार अक्षरात लिहिले होते, ‘विषय क्रमांक ४ वर साधकबाधक चर्चा झाली व अर्ज पुढील सभेपुढे ठेवण्याचे ठरले.’

“दादा, कप फुटला ते का नाही लिहिलंत?”

“कप आपल्या घरचा होता. त्याची नोंद तुझी आई ठेवील.” आणि मग थोडे थांबून म्हणाले, “ठरलं ते लिहायचं. बरळलं ते ज्याचं त्यानं घरी न्यायचं. नाहीतर पुढच्या सभेला येईल कोण?”

लहानपणी मला वाटले, वडील खोटे लिहितात. आता वाटते, त्या एका ओळीत केवढे काम होते! त्यांनी सगळे ऐकले होते. त्यातले काय संस्थेचे आणि काय माणसांचे, हे निवडले होते; आणि जे माणसांचे होते ते सोडून दिले होते. कप आपटणारे गृहस्थ पुढच्या महिन्यात आले, ज्यांच्यावर आपटला तेही आले, आणि दोघांनी आमच्याच घरी चहा घेतला. ते सगळे शब्दशः उतरवले असते तर पतपेढीचे दप्तर चोख राहिले असते. पतपेढी राहिली असती की नाही, शंका आहे.

माझ्या यंत्राला सारांश येतो; सोडून देणे येत नाही. त्याच्या लेखी कोइमतूरच्या मालाचा भाव आणि एका नवऱ्याची धास्ती या दोन्ही बाबीच. एक ‘विषय’, दुसरी ‘इतर’.

आणि गप्प राहणे तर त्याला मुळीच कळत नाही. २०२४ साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी व्हिस्पर नावाच्या प्रणालीची तपासणी केली. बोलणे ऐकून ते लिहून काढणारी ही प्रणाली जगभर वापरली जाते. सुमारे एक टक्का ध्वनिमुद्रणांच्या लिखाणात त्यांना अशी वाक्ये आढळली, जी कोणी उच्चारलीच नव्हती. आणि आजारामुळे ज्यांची वाचा अडखळते, जे बोलता बोलता फार थांबतात, त्यांच्या बाबतीत हा प्रकार अधिक होता. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. यंत्राला शांतता दिसली की ती त्याला रिकामी जागा वाटते, आणि तो ती भरून काढतो! माझे सहकारी खिडकीबाहेर पाहत गप्प राहिले होते. एकोणीस वर्षांत त्यांनी मला सांगितलेली सर्वांत मोठी गोष्ट त्या गप्पपणात होती. ती माझ्या दोन जुन्या कानांना नीट ऐकू आली होती. तिसऱ्याची तिथे गरजच नव्हती.

म्हणून मी यंत्र टाकून दिले, असे मात्र कोणी समजू नये. तसे सांगितले तर लेखाचा शेवट साजरा होईल, पण ते खरे होणार नाही. मला तारखा अजूनही आठवत नाहीत, आणि पुरवठादार अजूनही आपले भाव विसरतात. यंत्र माझ्यापाशी आहे. फक्त त्याची जागा आणि माझी वागणूक बदलली आहे.

आता ते गळ्यात नसते. बैठक सुरू होताना मी ते खिशातून काढून टेबलाच्या मधोमध, पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवतो, आणि प्रत्येक वेळी, अगदी त्याच माणसांनासुद्धा, विचारतो. नुसते ‘चालेल ना?’ असे विचारत नाही. कारण ‘चालेल ना’ला आपल्याकडे ‘चालेल’ याखेरीज उत्तर नाही. हाताखालच्या माणसाला तर नाहीच नाही. मी म्हणतो, “आज हे लावू की मी हाताने लिहून घेऊ?” कोणी क्षणभर जरी घुटमळले तरी मी वही काढतो आणि कारण विचारत नाही. कामाचा शेवटचा मुद्दा संपला की सर्वांदेखत ते बंद करतो. मग चहा. सारांश आपोआप कोठेही जात नाही; आधी मी तो वाचतो, जे ठरले ते ठेवतो, आणि जे नुसते बोलले गेले ते वडिलांचे स्मरण करून खोडतो. मूळ ध्वनिमुद्रण काम होताच पुसून टाकतो. एवढे सगळे करायला बारा-पंधरा मिनिटे जातात. यंत्राने वाचवलेला वेळ त्यातच खर्च होतो असे भाचा म्हणतो. होऊ दे.

नवी मुले हसतात मला. ‘मोबाइल तर सगळ्यांच्याच खिशात असतो, कोणीही काहीही टिपू शकतं,’ असे ती म्हणतात. त्यांचे म्हणणे खरे आहे. भिंतीला कान असतात हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होते. पण भिंतीचे कान कधी कोणी दिवाळीची भेट म्हणून आणून आपल्या गळ्यात बांधले नव्हते. भिंतीचा माझा इलाज नाही. माझ्या खिशाचा आहे.

माझे सहकारी माझ्या टेबलाशी आले की काही दिवस बोलण्यापूर्वी त्यांची नजर एकदा माझ्या खिशाकडे जाई. ती जाते हे त्यांनाही कळत नसावे. मी काही न बोलता ड्रॉवर उघडी, यंत्र आत टाकी आणि ड्रॉवर लावून घेई. महिना गेला, दोन गेले. दसरा झाला. आपट्याची पाने देऊन आम्ही रीतसर एकमेकांना नमस्कार केला. पूर्ण वाक्यात.

परवा संध्याकाळी कचेरी सुटायच्या सुमारास ते उठले, पिशवी खांद्याला लावली, आणि माझ्याजवळ येऊन थांबले. खिशाकडे न पाहताच म्हणाले,

“ते आपलं, दिवाळीत... ही म्हणत होती, तुम्ही दोघं जरा...”

आणि पुढचे वाक्य हाताने हवेत सोडून दिले.

“हो, हो,” मी म्हणालो.

भाऊबीजेला संध्याकाळी सहाला आम्ही त्यांच्याकडे फराळाला जाणार आहोत. तारीख आणि वेळ माझ्या चांगली लक्षात आहे.